विश्वास पानिपतात गेला, घर मात्र हवंच



फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो त्याला आता बारा-एक वर्षं झाली. शिक्षण म्हणाल तर साधा बी.ए. मी घरं विकत नाही, कुणाची दलाली घेत नाही, शेअर बाजारातलं मला कळत नाही. तरी आज घरांच्या मागणीवर बोलणार आहे, आणि तेही पानिपतात बसून. त्याचं कारण आधी सांगतो.

दरवर्षी १४ जानेवारीला इथल्या काला आंबच्या स्मारकाजवळ मराठी माणसं जमतात. पुण्याहून येतात, नाशिकहून येतात, बेळगावहून, इंदूरहून येतात. दिल्लीच्या बाजूला राहत असल्यामुळे मीही येतो. पूर्वी लोक मला विचारायचे, भाऊंचा तळ कुठे होता, खंदक कुठवर गेला होता. गेली काही वर्षं निम्मी माणसं वेगळंच विचारतात. "कर्नलसाहेब, दिल्ली जवळ आहे म्हणतात, इथे एखादा प्लॉट घेऊन ठेवावा का?"

दिल्लीहून पानिपत ९० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने या. कुंडलीपासून फलक सुरू होतात आणि पानिपतपर्यंत संपत नाहीत. प्रत्येकावर तीन अक्षरं ठळक: एनसीआर. म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. मराठी माणसासाठी पानिपत म्हणजे सगळं गमावल्याची जागा. दलाल सांगतो, ही कमावण्याची जागा आहे. दोघांतलं खरं काय, ते पाहू.

आपल्याकडे एक जुनी थट्टा आहे. कुणी म्हणालं, "माझ्यावर विश्वास ठेव," की आपण म्हणतो, "विश्वास पानिपतात गेला." नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव इथे गोळी लागून पडला, त्यावरची ही कोटी. गेल्या वीस वर्षांतला दिल्लीभोवतीचा घरांचा बाजार समजून घ्यायचा असेल तर या थट्टेइतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता मागणी म्हणजे काय? घर सगळ्यांनाच हवं असतं. पण हवं असणं म्हणजे मागणी नव्हे. खिशात पैसा किंवा कर्ज मिळण्याची ऐपत लागते. आणि तिसरी गोष्ट लागते, भरवसा. आज पैसे दिले तर उद्या किल्ली हातात पडेल, हा भरवसा. पहिल्या दोन गोष्टींवर अहवाल निघतात. तिसरीवर फारसं कुणी लिहीत नाही, आणि दिल्लीभोवतीचा बाजार चालला, पडला आणि पुन्हा उठला तो मुख्यतः तिसरीमुळे.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल.

२०१० साली मी नोकरीत होतो. निवृत्ती तीन वर्षांवर होती. फौजेत घराची एक सरळ वाट असते. १९७८ पासून आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन आहे. ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधतात, नाव नोंदवायचं, सोडत निघते. नोएडातलं अरुण विहार त्यातूनच झालं. पण रांगेत थांबावं लागतं, आणि मला घाई होती. यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशाच्या बाजूला एका खासगी बिल्डरची योजना निघाली. बिल्डरचं नाव घेत नाही, त्यात काही हशील नाही. ३६ महिन्यांत ताबा. माझ्या निवृत्तीला बरोबर ३६ महिने. मला वाटलं, देवानेच हिशेब जुळवलाय.

२०१२ मध्ये आम्ही दोघं इथे पानिपतला आलो होतो. हातमागाचं गाव. पत्नीने पडद्यांचं कापड घेतलं, छापील नकाशावरच्या मापाने, सगळ्या खिडक्यांना पुरेल एवढं. दोन खेस घेतले. ते सगळं एका काळ्या ट्रंकेत गेलं. मी निवृत्त झालो, आम्ही भाड्याच्या घरात गेलो, ट्रंक बरोबर. ते घर बदललं, ट्रंक बरोबर. एकीकडे कर्जाचा हप्ता, एकीकडे भाडं. किल्ली मिळाली २०१९ मध्ये. ट्रंक उघडली, पडदे लावायला घेतले तर वीतभर आखूड. खिडक्या नकाशातल्या मापाच्या नव्हत्याच. पत्नी काही बोलली नाही. तिने खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडली. ते पडदे आजही आहेत.

आणि मंडळी, मी नशीबवान. मला घर मिळालं तरी.

त्या काळात नेमकं काय झालं ते पाहा. २००५ ते २०१२ च्या सुमाराला गुरुग्राममध्ये कंपन्या आल्या, नोएडात आल्या, पगार वाढले. ग्रेटर नोएडासारख्या प्राधिकरणांनी बिल्डरांना जमिनीच्या किमतीचे १० टक्के घेऊन भूखंड दिले, बाकी रक्कम हप्त्याने. म्हणजे बिल्डरने स्वतःचा फारसा पैसा न घालता जमीन घेतली आणि तुमच्या-माझ्या आगाऊ रकमेवर योजना काढली. एका योजनेचा पैसा दुसरीची जमीन घ्यायला गेला. बुकिंग करणाऱ्यांतही कित्येक जण राहायला येणारे नव्हतेच. आज घ्यायचं, वर्षाने वरच्या भावाने दुसऱ्याला द्यायचं. कागदावर मागणी प्रचंड दिसत होती. पण राहायला येणारा माणूस त्यात किती होता, हे कुणी मोजलं नाही.

मग एकेक खांब पडत गेला. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रेटर नोएडाजवळच्या शाहबेरी गावातलं भूसंपादन रद्द केलं. ऑक्टोबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिथल्या इतर गावांतल्या शेतकऱ्यांना वाढीव मोबदला द्यायला सांगितला. ज्याला नोएडा एक्स्टेन्शन म्हणत, तिथलं काम थांबलं. २०१७ मध्ये जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, वीस हजारांवर ग्राहक अडकले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्रपालीची नोंदणी रद्द करून अपुऱ्या इमारती पुऱ्या करायचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिलं. त्यात ग्राहक होते ४२ हजारांच्या आसपास. आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडाच्या सेक्टर ९३ए मधले सुपरटेकचे जुळे मनोरे स्फोटकं लावून पाडले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. जवळजवळ शंभर मीटर उंचीचं बांधकाम काही सेकंदांत खाली.

२०२३ मध्ये अमिताभ कांत समितीने रखडलेल्या घरांवर अहवाल दिला. देशभरात सुमारे ४ लाख १२ हजार घरं रखडलेली, त्यातली सुमारे २ लाख ४० हजार एकट्या राजधानी क्षेत्रात. एका घरामागे चार माणसं धरा. साडेनऊ लाख माणसं. एका मोठ्या शहराची वस्ती.

यात बँकांचाही हात होता. एक योजना असायची: ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरणार, तुम्ही निर्धास्त राहा. बँक कर्जाची रक्कम बिल्डरला देऊन मोकळी. बिल्डरने हप्ता भरणं थांबवलं की बँक तुमच्या दारात, कारण कर्जावर सही तुमची. काम किती झालं ते पाहून टप्प्याटप्प्याने पैसे द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलं होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रातल्या बिल्डर आणि बँकांच्या या संगनमताची चौकशी सीबीआयला सांगितली. बारा वर्षं मधे गेली.

विश्वास पानिपतात गेला तो असा.

पण घर तर हवंच असतं. मग ग्राहक बदलला. कायदाही बदलला. रेरा कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्याच योजनेच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच योजनेच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायचे. चटई क्षेत्र किती ते स्पष्ट सांगायचं. उशीर झाला तर व्याज द्यायचं. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यातही दुरुस्ती झाली आणि घर घेणाऱ्याला बँकेसारखाच वित्तीय धनको मानलं गेलं. त्याआधी रांगेत आपला नंबर पार मागे होता.

ग्राहकाने स्वतःही धडा घेतला. बांधकाम चालू असलेल्या घरापेक्षा तयार घर बरं, असं लोक म्हणू लागले. त्यात कराचंही गणित आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या वर्गातलं असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काहीच नाही. मग कोविड आला. माणसं घरात कोंडली गेली आणि जागा पुरत नाही हे कळलं. रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, कर्ज स्वस्त झालं. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरला. याचा अर्थ तुमच्या खिशात काय होतो? ५० लाखांचं कर्ज, वीस वर्षं मुदत. ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३८,८०० रुपये. ९ टक्क्यांनी सुमारे ४५,०००. दोन टक्क्यांत महिन्याला सहा हजारांवर रुपये. मध्यमवर्गाची मागणी या सहा हजारांवर उभी असते आणि पडते.

पण श्रीमंतांची मागणी त्यावर अडत नाही. २०२३ च्या सुरुवातीला गुरुग्रामच्या सेक्टर ६३ मध्ये डीएलएफने ११३७ फ्लॅट विकायला काढले. एकेक सात कोटींच्या पुढचा. तीन दिवसांत सगळे गेले, आठ हजार कोटींच्या वर विक्री. वर्तमानपत्रांनी लिहिलं, बाजार परत आला. आला खरा. पण मला त्यात वेगळं दिसलं. लोक एवढा पैसा देत होते तो नुसत्या संगमरवराचा नव्हता. मोठं नाव आहे, हा बांधून देईल, याचेही पैसे त्यात होते. बाजारात विश्वास परत आला, पण त्याला आता दर लागला. ज्याच्याकडे सात कोटी आहेत त्याला तो मिळतो. चाळीस लाखवाल्याने कुठे जायचं?

तो जातो बाहेर. मुंबईत जसा माणूस दादरहून ठाण्याला, ठाण्याहून बदलापूरला आणि तिथून वांगणीला सरकला, तसा इथे तो दिल्लीहून सोनीपतला आणि सोनीपतहून पानिपतला सरकतो. आणि तो फ्लॅट मागत नाही, प्लॉट मागतो. यामागचं शहाणपण मला पटतं. ज्याने आम्रपाली पाहिली, तो म्हणतो, मला सत्ताविसाव्या मजल्यावरची हवा नको, पायाखाली दिसणारी जमीन दे. वर्षभर पैसे साठवीन, खोली बांधीन. हरियाणाने २०१६ मध्ये दीनदयाळ जन आवास योजना आणली, त्यात छोट्या वसाहतींना परवानगी आहे आणि प्लॉट जास्तीत जास्त १५० चौरस मीटरचा. गरज ओळखूनच ते केलं.

इथे जमीन गजात मोजतात. एक गज म्हणजे नऊ चौरस फूट. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १२१ गज. तेव्हा कुणी "सौ गज" म्हणालं तर तो एक गुंठाही नाही, हे ध्यानात ठेवा. खरेदीखताला इथे नुसतं रजिस्ट्री म्हणतात. आपला सातबारा तशी इथली जमाबंदी. आपला फेरफार तसा इंतकाल. आपला इसार तसा बयाना. हरियाणात शहरी भागात पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईच्या नावावर ५. त्यामुळे पत्नीच्या नावावर प्लॉट घेण्याकडे इथे कल आहे. कारण कुठलंही असो, घराच्या कागदावर बाईचं नाव येतंय हे चांगलंच.

आता त्या फलकावरच्या तीन अक्षरांकडे येऊ. १९८५ च्या कायद्याने राजधानी क्षेत्राचं नियोजन मंडळ झालं. हरियाणाचे १४ जिल्हे त्यात आहेत, पानिपत पहिल्यापासून. फलक खोटा नाही. पण गंमत पाहा. परवडणाऱ्या घरावरच्या १ टक्का जीएसटीसाठी सरकारने महानगरांची यादी केली. त्यात दिल्ली-एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली, नोएडा, ग्रेटर नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद. पानिपत नाही. करखात्याच्या दृष्टीने तुम्ही महानगरात राहतच नाही. ग्राहकाला त्याचा फायदाच आहे: महानगरात ६० चौरस मीटरपर्यंतचं घर परवडणारं धरतात, पानिपतात ९० पर्यंतचं, किंमत दोन्हीकडे ४५ लाखांच्या आत हवी. पण हिवाळ्यात हवा बिघडली की राजधानी क्षेत्रातली बांधकामं थांबतात, तेव्हा पानिपतचंही थांबतं. दहा वर्षांवरची डिझेल गाडी आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी यांच्यावर निर्बंध आले तेही पूर्ण क्षेत्रासाठी, पानिपतसह. मोठ्या सल्लागार कंपन्यांचे तिमाही अहवाल पाहा, एनसीआरच्या आकड्यांत बहुधा पानिपत नसतंच. म्हणजे बंधनं पोचली आहेत, सोयी यायच्या आहेत. दिल्ली–पानिपत वेगवान रेल्वे नियोजनात आहे. मेरठच्या मार्गावर नमो भारत गाडी ऑक्टोबर २०२३ पासून धावते. पानिपतच्या मार्गावर, मी हे बोलतोय तोवर, धावत नाही. फलकावर मात्र ती कधीच सुटली आहे.

मग पानिपतात खरी मागणी नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. पण ती दिल्लीची नाही, पानिपतची स्वतःची आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून निर्वासित आले, त्यांच्यासाठी मॉडेल टाउन वसलं. त्यांच्या कष्टावर हातमागाचा धंदा वाढला. परदेशातून येणारे जुने लोकरी कपडे फाडून त्याचं सूत आणि ब्लँकेटं करण्याचं हे मोठं केंद्र आहे. १९९८ पासून इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. उत्तर प्रदेश, बिहारमधून कामगार येतात, एका खोलीत चार-चार राहतात. घराची गरज त्यांना सगळ्यांत जास्त. पण त्यांच्याकडे बयाना नाही, म्हणून कुठल्याही अहवालात ते मागणी म्हणून येत नाहीत. महामार्गालगत प्लॉट रिकामे आणि गावात खोलीत चौघं, हे दोन्ही एकाच शहरात मी पाहिलं आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदारांचा फोन आला. सातारा जिल्ह्यातले. निवृत्त होत होते. "राम राम साहेब. पोरगा पानिपतला रिफायनरीकडे ठेकेदारीत लागलाय. सून पण तिकडेच. पेन्शन विकून आणि फंड मिळून तीस लाख येतायत. एक प्लॉट बघितलाय, हायवेला. तुम्ही एकदा नजर टाका."

फौजेत पेन्शनचा निम्म्यापर्यंत हिस्सा विकता येतो, आणि पुढची पंधरा वर्षं तेवढी पेन्शन कमी मिळते. म्हणजे हे तीस लाख एका माणसाच्या पंधरा वर्षांच्या जेवणातून काढलेले असतात. मी म्हटलं, सुभेदारसाहेब, सही करू नका, मी येतो.

दलाल गाडी घेऊन आला. बोलायला गोड. विटांच्या कमानीवर वसाहतीचं नाव, आत मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा. मी विचारलं, लायसन्स नंबर? म्हणाला, "अप्लाय किया है, साहब." रेरा नोंदणी? "वो भी आ जाएगा." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहब, एनसीआर है, डूबेगा नहीं."

आम्ही तहसिलात जमाबंदी काढली. जमीन शेतीची. विकत होते ते सामायिक शेतजमिनीतला हिस्सा. हरियाणात वसाहत पाडायला १९७५ च्या कायद्याखाली नगरनियोजन खात्याचं लायसन्स लागतं. छोटा तुकडा विकायचा तर त्याच कायद्याच्या कलम ७-ए खाली ना-हरकत लागते. दोन्हीही नव्हतं. उद्या बुलडोझर आला असता तर तीस लाखांची भिंत गेली असती आणि दलालाचा फोन लागला नसता.

संध्याकाळ झाली होती. मी त्यांना म्हटलं, निघू नका, अंधार पडू द्या. जवळपास परवाना असलेल्या दोन वसाहती होत्या, तिकडे गेलो. फौजेत हल्ल्याआधी रेकी करतात, तशी रात्री करायची. पहिल्या वसाहतीत शंभरेक प्लॉट असतील. दिवे लागले होते सात घरांत. दुसरी जुनी, महामार्गापासून आत, शाळेच्या मागे. फलक नव्हता. तिथे बहुतेक घरांत दिवा होता, गल्लीत पोरं खेळत होती, दूधवाला उभा होता. मी म्हटलं, मागणी बघायची असेल तर ही बघा. अहवाल नको, दिवे मोजा.

तिथून परत येताना सुभेदारांना मी काला आंबला नेलं. त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, एवढं सैन्य, एवढा तोफखाना, आणि हरलं कसं?" कारणं अनेक आहेत, इतिहासकार भांडतात. पण फौजी म्हणून एक मला स्पष्ट दिसतं. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. मराठ्यांचा तळ भक्कम होता, खंदक होता, तोफा होत्या. पण रसद तुटली. शत्रूची रसद मारण्याचं काम करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अडीच महिने तळ तिथेच राहिला, आणि शेवटी माणसं उपाशीपोटी रणात उतरली.

घराचंही तेच. भिंत म्हणजे तळ. नोकरी, शाळा, पाणी, दवाखाना, बस ही रसद. तळ कितीही मजबूत बांधा, रसद ९० किलोमीटरवर असेल तर तुम्ही वेढ्यात आहात. सुभेदारांच्या मुलाची रसद पानिपतात आहे, म्हणून त्याला इथे घर हवं, हे बरोबर. पुण्यात बसून भाव वाढेल म्हणून इथे प्लॉट घेणाऱ्याची रसद इथे नाही. त्याने ते घर म्हणून घेऊ नये. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर बुडाले तरी झोप लागेल एवढेच पैसे घालावेत.

आता मला अडचणीत टाकणारी गोष्टही सांगतो. माझ्यासारख्या दुधाने पोळलेल्याचं ऐकून ज्यांनी २०२० मध्ये गुरुग्रामला घर घेतलं नाही, त्यांचं नुकसान झालं. त्यानंतर तिथले भाव भलतेच चढले. एका धाकट्या अधिकाऱ्याने मला तोंडावर ऐकवलं, "सर, तुमच्या सल्ल्याने मी भाड्याच्या घरात आहे." त्याचं म्हणणं खरं आहे. भीती हाही काही सल्ला नव्हे. म्हणून आता मी कुणाला "घेऊ नका" असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो: राहायला घ्यायचं असेल तर भाव पडेल की चढेल यात अडकू नका, कागद आणि रसद बघा. पैसा वाढवायला घ्यायचं असेल तर त्याला घर म्हणू नका.

कागदाचं थोडक्यात. नगरनियोजन खात्याचा लायसन्स नंबर आधी मागा आणि खात्याच्या यादीत स्वतः पाहा. रेरा नोंदणी तपासा. हरियाणात गुरुग्राम जिल्ह्यासाठी गुरुग्रामचं प्राधिकरण आणि पानिपतसह बाकी राज्यासाठी पंचकुलाचं. महाराष्ट्रात महारेरा. जमाबंदी आणि इंतकाल विकणाऱ्याच्या नावावर आहे का बघा. नोएडाच्या बाजूला जमीन बहुधा ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. तिथे बिल्डरने प्राधिकरणाचं देणं चुकवलंय का, ते विचारा; नाहीतर घर मिळतं आणि रजिस्ट्री अडकते. बयाना रोख देऊ नका. आणि रात्री जाऊन दिवे मोजा.

सुभेदारांनी अजून काही घेतलेलं नाही. मुलाने त्या शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. वर्षभर राहून बघायचं, पाणी उन्हाळ्यात येतं का, सुनेला संध्याकाळी एकटीने परतता येतं का, मग त्याच गल्लीत जुनं घर निघालं तर घ्यायचं, असं ठरलंय. तीस लाख बँकेत मुदतठेवीत आहेत. दरम्यान भाव वाढले तर ते मला बोल लावतील, आणि तो बोल मी ऐकून घेईन.

यंदा काला आंबला भेटू तेव्हा ते सहकुटुंब येणार आहेत. पत्नीने सुनेला निरोप पाठवलाय: पडद्याचं कापड इथे स्वस्त आणि छान मिळतं, पण किल्ली हातात येईपर्यंत घेऊ नकोस, आणि खिडकीचं माप स्वतः घे.